पावसाळ्यात उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी कशी जपायची



पेरणी होऊन दीड महिना झाला. फवारण्या पाठीवरच्या पंपाने चालू आहेत आणि मोठा ट्रॅक्टर बऱ्याच जणांचा शेडमध्ये नाहीतर लिंबाखाली ताडपत्री घालून उभा आहे. आता तो बाहेर निघणार थेट सोयाबीनच्या मळणीला. म्हणजे अजून दोन-अडीच महिने त्याला फारसं काम नाही.

आजचा संदेश पिकाचा नाही, बॅटरीचा आहे. कृषी सल्लागाराने बॅटरीवर का बोलावं असं कुणाला वाटेल. पण सप्टेंबर संपता संपता केंद्रावर फोन येतात ते असे: सोयाबीन कापून पडलंय, आभाळ भरून आलंय, मळणीयंत्रवाला बांधावर उभा आहे आणि सेल मारला की नुसतं टक-टक. त्या दिवशी तालुक्याला जाऊन नवी बॅटरी आणेपर्यंत दुपार होते. तेवढ्यात एक सर आली तर शेंगा भिजतात, दाणा डागाळतो आणि आडत्याकडे भाव पडतो. नवी बॅटरी साधारण सहा ते नऊ हजारांची. भिजलेल्या मालाचं नुकसान त्याच्या किती पट होतं ते तुम्हीच जाणता.

*रोज पाच मिनिटं चालू करून ठेवलं की झालं, असं नाही*

गेल्या आठवड्यात एका सभासद काकांनी विचारलं, "मी तर रोज सकाळी ट्रॅक्टर पाच मिनिटं चालू करून बंद करतो, तरी बॅटरी उतरली कशी?" हा प्रश्न चांगला आहे, कारण ही सवय निम्म्या गावाला आहे. म्हणून हिशोबच मांडू.

सेल मारताना स्टार्टर बॅटरीतून साधारण ३०० अ‍ॅम्पिअर ओढतो. पाच सेकंद सेल मारला तर बॅटरीतून साधारण ०.४ अ‍ॅम्पिअर-तास जातात. इंजिन हळू चालत असताना डायनॅमो (आता आपण अल्टरनेटर म्हणतो तोच) बॅटरीला पाच ते दहा अ‍ॅम्पिअर देतो. पाच मिनिटांत भरतात ०.४ ते ०.८. म्हणजे सेल मारताना जेवढं काढलं तेवढं कसंबसं परत आलं. फार चांगलं झालं तर ०.४ शिल्लक.

आता उभ्या ट्रॅक्टरमधून काय जातं ते बघा. गाणी वाजवायचा टेप थेट बॅटरीवर जोडलेला असतो, त्याची मेमरीची वायर रात्रंदिवस थोडा करंट खाते. कुणी जीपीएस बसवलाय, कुणी मोबाईल चार्जिंगचं सॉकेट, कुणी हौसेने रंगीत एलईडी पट्टी. सगळं मिळून नुसते ५० मिलीअ‍ॅम्पिअर धरा. हे इतकं कमी आहे की त्यावर टॉर्चचा बल्बही नीट लागणार नाही. पण २४ तासांत १.२ अ‍ॅम्पिअर-तास गेले, महिन्यात ३६ गेले. १०० अ‍ॅम्पिअर-तासाची पूर्ण भरलेली बॅटरी दोन महिन्यांत २८ वर येते. यात बॅटरी आपली आपण उतरते ते धरलेलंच नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही न जोडता ठेवली तरी महिन्याला थोडी थोडी उतरते, जुनी असेल तर जास्त, आणि पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये आणखी जास्त.

तर रोज १.२ जातात आणि पाच मिनिटांच्या चालवण्याने फार तर ०.४ येतात. काकांची बॅटरी रोज चालू करूनही उतरली ती अशी.

वर डिझेल जळतं ते वेगळं. थंड इंजिन पाच मिनिटं हळू चालवून बंद केलं की ते नीट तापतच नाही. सायलेन्सरमध्ये आणि आत वाफेचं पाणी धरतं, डिझेल अर्धवट जळून काजळी बसते, ऑइलात उतरतं. चालू करायचाच असेल तर महिन्यातून एकदा काढा आणि तासभर खरोखर चालवा, ट्रॉलीला लावा, शेणखत ओढा. इंजिनला, टायरला, हायड्रॉलिकला ते चांगलंच आहे. पण बॅटरी पूर्ण भरायला तेवढंही पुरत नाही, कारण बॅटरी शेवटचा पाव हिस्सा फार सावकाश घेते. त्याला तासन् तास चार्जरच लागतो.

*अर्धी उतरलेली बॅटरी नुसती ठेवली तर काय बिघडतं?*

मला वाटतं खरं नुकसान इथे होतं आणि ते दिसत नसल्यामुळे कुणी मनावर घेत नाही. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा बारीक थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो थर विरघळून परत अ‍ॅसिडात जातो. पण तशीच महिनाभर पडू दिली तर मध जुना झाला की तळाला दाणे धरतो, तसे त्या सल्फेटचे खडे होतात. मग चार्जर लावून ते सगळे परत विरघळत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग मेला. पुढे बॅटरी दाखवायला पूर्ण चार्ज दिसते, पण तिच्या पोटात मावतं कमी. दुकानदार म्हणतो, "बॅटरी गेली, चार वर्षं झाली ना." चार वर्षांतले चार पावसाळे ती अर्धीमुर्धी उतरून उभी होती, हे कुणी धरत नाही.

*मग करायचं काय? पहिलं काम, निगेटिव्ह वायर काढा.*

पंधरा दिवसांपेक्षा जास्त ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे वजा (−) खूण असलेली वायर सोडवून बाजूला ठेवा. नेहमी *आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना निगेटिव्ह शेवटी.* कारण निगेटिव्ह ही ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडलेली असते. ती जागेवर असताना पॉझिटिव्ह खोलायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर तिथेच शॉर्ट होऊन ठिणगी उडते, पाना लाल होतो, हात भाजतो. हातात कडं किंवा अंगठी असेल तर आधी काढून ठेवा.

ज्यांचे ट्रॅक्टर नवे आहेत त्यांनी एक लक्षात घ्या. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे नवे नियम लागले, तेव्हापासून बऱ्याच मॉडेलमध्ये इंजिनचा कंप्युटर आलाय. अशा ट्रॅक्टरची चावी बंद केल्यावर लगेच वायर काढू नका, काही मिनिटं थांबा. नेमकं किती थांबायचं ते ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिलेलं असतं.

दरवेळी पाना घेऊन बसायचं नसेल तर निगेटिव्ह लाइनवर बसवायचा कट-ऑफ स्विच मिळतो. जाड, चांगल्या करंटचा घ्या, कारण सेलचे ३०० अ‍ॅम्पिअर त्यातूनच जाणार. हलका स्विच तापून वितळतो.

*मीटर लावून बघा*

मोटारीसाठी घेतलेला मल्टिमीटर बऱ्याच घरांत असतो. नसेल तर दोन-तीनशे रुपयांत साधा मिळतो. डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. आकडा घ्यायचा तो सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा, *सेल मारायच्या आधी.* आत्ताच चालवून आणलेल्या किंवा चार्जरवरून काढलेल्या बॅटरीचा आकडा वर दिसतो, तो खरा नसतो.

१२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण तीन हिस्से भरलेली, आता चार्जर लावा. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे पाव हिस्सा उरलाय. ११.८ म्हणजे रिकामीच समजा. १२.६ आणि १२.२ मध्ये फरक अर्ध्या व्होल्टचाही नाही, म्हणून "बारा दाखवतोय, ठीक आहे" असं म्हणू नका. बारा म्हणजे ठीक नाही. आणि मीटरचाच सेल उतरला असेल तर तो भलतेच आकडे दाखवतो, तेवढा आधी बदला.

सुट्या बुचांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर जास्त खरं सांगतो, कारण तो सहाही खान्यांचं वेगवेगळं दाखवतो. भरलेल्या बॅटरीत १.२४ ते १.२७ च्या आसपास यावं आणि सगळे खाने जवळपास सारखे असावेत. पाच खाने १.२५ आणि एकच १.१५ दाखवत असेल तर तो खाना बसलाय, चार्जर लावून फार उपयोग नाही. बंद बॅटरीवर जो हिरवा डोळा असतो तो एकाच खान्याचं सांगतो, त्यावर पूर्ण भरवसा नको.

दुसरी तपासणी चालू ट्रॅक्टरची. इंजिन थोडं रेस करून मीटर लावा, १३.८ ते १४.४ यायला हवं. साडेतेराच्या खाली येत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. आधी पट्टा बघा. अंगठ्याने दाबल्यावर एक ते दीड सेंटिमीटर दबला पाहिजे, त्यापेक्षा सैल असेल तर घसरतो. पट्टा ठीक असेल तर मिस्त्रीला डायनॅमो दाखवा. उलट १४.८ च्या वर जात असेल तर बॅटरीचं पाणी उकळून उडतंय. ज्यांना दर पंधरा दिवसांनी पाणी टाकावं लागतं त्यांनी हा आकडा नक्की बघा.

*चार्जर*

बॅटरी कितीची आहे ते तिच्यावर लिहिलेलं असतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याने चार्ज करा. ७५ अ‍ॅम्पिअर-तासाची बॅटरी सात अ‍ॅम्पिअरने. गॅरेजवर कधी कधी घाईने वीस-तीस अ‍ॅम्पिअर लावतात, तासाभरात बॅटरी गरम होते आणि दिलीही जाते. त्याने सेल लागतो, पण बॅटरी भरत नाही. सावकाश, रात्रभर लावू द्या म्हणावं. घरी चार्जर असेल तर महिन्यातून एकदा लावा आणि भरली की काढा. विजेचा खर्च विचाराल तर ३० अ‍ॅम्पिअर-तास परत भरायला एक युनिटसुद्धा लागत नाही. तासभर ट्रॅक्टर उभ्यानेच चालवला तर दीड-दोन लिटर डिझेल जातं. शेतात सिंगल फेज नसेल तर बॅटरी घरी आणा. वजन वीस किलोच्या वर असतं, ती कलती करू नका, अ‍ॅसिड सांडतं.

बरेच जण विचारतात, *फवारणी पंपाचा चार्जर चालेल का?* पंपाच्या बॅटरीवर काय लिहिलंय ते वाचा. लेड-अ‍ॅसिडची १२ व्होल्ट असेल तर तिच्या चार्जरवर बहुतेक १.७ अ‍ॅम्पिअर असं काहीतरी असतं. एवढ्याने रिकामी बॅटरी भरायला दोन-तीन दिवस लागतील, पण भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला तो पुरेसा आहे. महिन्यातून एकदा एक दिवस-रात्र लावा आणि काढा. कायम लावून ठेवू नका, साधे चार्जर स्वतः बंद होत नाहीत. पंप लिथियम बॅटरीचा असेल तर त्याचा चार्जर ट्रॅक्टरला अजिबात लावू नका. त्याचा व्होल्टेज वेगळा असतो, आणि ट्रॅक्टरचा चार्जर पंपाच्या लिथियम बॅटरीला लावणं तर आगीला निमंत्रण आहे.

शेड रानात आहे, लाइट नाही, अशांसाठी १० ते २० वॅटचं छोटं सोलर पॅनल चांगलं. पावसाळी आभाळातही १० वॅटचं पॅनल दिवसाला एखादा-दीड अ‍ॅम्पिअर-तास देऊन जातं, उभ्या बॅटरीची रोजची झीज तेवढीच असते. मधे चार्ज कंट्रोलर मात्र लावा. पॅनल थेट जोडलं तर रात्री करंट उलटा जाऊ शकतो आणि उन्हाच्या दिवसात बॅटरी जास्त चार्ज होते. झटका मशीनचं पॅनल रिकामं पडलं असेल तर तेही चालेल.

*जिवाशी खेळ होतो तो इथे*

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो पेट घेतो. म्हणून चार्जिंग बंद खोलीत नको, चुलीजवळ नको आणि कापूस-कडबा ठेवलेल्या खोलीत तर मुळीच नको. बिडी लांब. आधी चिमटे लावायचे, मग चार्जरचं बटण. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. नाहीतर ठिणगी बॅटरीच्या तोंडाशीच पडते. अ‍ॅसिड डोळ्यात उडालं तर चोळू नका, लगेच साध्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवत राहा आणि तसंच दवाखान्यात जा.

आणि बॅटरी उतरल्यावर सगळ्यात वाईट काम आपल्याकडे जे होतं ते म्हणजे खाली उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरची दोन टोकं जोडून सेल मारणं. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो चालू होताच पुढे येतो आणि मागचं मोठं चाक नेमकं तुमच्या जागेवरून जातं. सीटवर बसून क्लच दाबल्याशिवाय चालू होणार नाही अशी सोय कंपनीने बऱ्याच ट्रॅक्टरला दिलेली असते, ती या युक्तीने आपणच बाद करतो. घरातल्या पोरांना हे शिकवू नका. शिकले असतील तर बंद करायला लावा.

दुसऱ्या ट्रॅक्टरवरून वायर लावून चालू करायचा असेल तर दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच आहेत ना ते बघा. लाल वायर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह. काळी वायर चालू ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला, आणि तिचं दुसरं टोक बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या मोकळ्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. कारण तेच, ठिणगी बॅटरीजवळ पडू नये. मोटारीची बारीक वायर यासाठी चालत नाही, ती जळते.

*पाणी आणि टर्मिनल*

पाणी फक्त डिस्टिल्ड. बोअरचं नाही, विहिरीचं नाही, आरओचंही नाही. आपल्या बोअरच्या क्षाराने ठिबकच्या नळ्या कशा चोंदतात ते आपण बघतोच, तेच क्षार प्लेटांवर जातात. पाणी चार्ज झाल्यावर टाका, आधी टाकलं तर चार्ज होताना फुगून बाहेर येतं. फक्त प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढंच आधी टाकायचं. पाणी कमी झालं म्हणून वरून अ‍ॅसिड कधीच टाकू नका. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा चुरा आला असेल तर निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने धुवा, बुचं मात्र घट्ट बंद ठेवून. कोरडं करा, वायर घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीचा माथा धूळ-चिखल-अ‍ॅसिडाने ओला राहिला तर त्यावरूनही थोडा थोडा करंट एका टोकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो, म्हणून माथा पुसून कोरडा ठेवा. "फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते" असं जुने लोक सांगतात. आताच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला ते लागू नाही. खाली लाकूड ठेवलं तर हरकत काही नाही, पण त्याने चार्जिंग वाचत नाही.

वायर काढूनही बॅटरी आठ-दहा दिवसांत उतरत असेल तर दोष बॅटरीत आहे. वायर जोडली की उतरते आणि काढली की टिकते, असं असेल तर ट्रॅक्टरमध्ये कुठेतरी गळती आहे. ती शोधायला निगेटिव्ह काढून मीटर १० अ‍ॅम्पिअरवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं सुटलेल्या वायरला लावा. चावी बंद, सगळे दिवे बंद. जुन्या साध्या ट्रॅक्टरमध्ये आकडा जवळपास शून्य यायला हवा. ०.०५ च्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, जो काढल्यावर आकडा पडतो त्या लाइनवर गळती आहे. *मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नका आणि सेल तर मुळीच मारू नका,* मीटर जळेल. फ्यूज सगळे काढूनही आकडा तसाच राहिला तर टेपची थेट वायर नाहीतर डायनॅमो. डायनॅमोचा डायोड गेला की तो रात्री बॅटरी पितो. तेव्हा मिस्त्रीकडेच जा. उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदरांनीही कुरतडलेल्या असतात, मीटर लावायच्या आधी तेवढ्या डोळ्याने बघून घ्या.

पिकअप, जीप, जनरेटर, सगळ्यांच्या १२ व्होल्टच्या सेलच्या बॅटरीला हेच लागू आहे.

आता या रविवारी एवढंच करा. सकाळी सेल मारायच्या आधी मीटर लावा आणि आकडा, बॅटरी किती वर्षांची आहे आणि ट्रॅक्टर किती दिवस उभा आहे, हे तीन मुद्दे याच नंबरवर लिहून किंवा बोलून पाठवा. १२.४ च्या खाली असलेल्यांना मी स्वतः फोन करीन. हायड्रोमीटर आणि चार्जर आपल्या केंद्रावर आहे. बॅटरी आणणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, एका रात्रीत दोनच लागतात. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात सगळे एकदम येतात, तेव्हा नंबर लागणार नाही.

पुढचा संदेश मंगळवारी, सोयाबीनवरच्या चक्री भुंग्याचा. खोडावर दोन गोल खापा दिसल्या तर त्याआधीच फोटो पाठवा.